शहराची साक्ष : बेर्नार्दो बेलोत्तो याची नगरचित्रे

एखादे शहर उद्ध्वस्त होते तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय नाहीसे होते आणि त्यातले काय पुन्हा उभे करता येते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने युरोपातील अनेक शहरांपुढे टाकला. पोलंडची राजधानी वॉर्सा हिच्यापुढे तो अत्यंत निष्ठुर रूपात आला. 1 ऑगस्ट 1944 रोजी वॉर्साच्या नागरिकांनी नाझी सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव केला. दोन महिने चाललेला हा उठाव मोडून काढल्यावर जर्मन फौजांनी उरलेले शहर पद्धतशीरपणे, एकामागून एक इमारत जाळून आणि सुरुंगाने उडवून, भुईसपाट केले. 17 जानेवारी 1945 रोजी शहर त्यांच्या हातून सुटले, तेव्हा त्याच्या ऐतिहासिक भागाचा 85 टक्क्यांहून अधिक अंश ढिगाऱ्याखाली गेला होता. राजधानी दुसरीकडे हलवावी, असाही विचार त्या वेळी पुढे आला होता. अखेरीस लोकांनी तेच शहर त्याच जागी पुन्हा उभारले.

या पुनर्बांधणीच्या कामी ज्या साधनांचा आधार घेण्यात आला, त्यांत सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी रंगविलेली काही मोठी तैलचित्रे होती. ती काढणारा चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो हा पोलंडचा नव्हता. तो इटलीतील व्हेनिसचा होता आणि शहरांची हुबेहूब दृश्ये रंगविणे हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. आपल्या चित्रांवरून पडलेल्या भिंती कधीकाळी पुन्हा बांधल्या जातील, अशी कल्पना त्याला येण्याचे काहीच कारण नव्हते. समोर जे दिसते ते नीट पाहावे आणि पाहिलेले नीट नोंदवावे, एवढेच काम त्याने आयुष्यभर केले. त्या कामाची पद्धत कोणती होती, त्याचे मोल पुढे काय ठरले आणि त्या साक्षीला मर्यादा कोणत्या आहेत, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मामाची चित्रशाळा

बेलोत्तोचा जन्म 1721-22 च्या सुमारास व्हेनिस येथे झाला. त्याची आई फिओरेन्झा ही प्रसिद्ध चित्रकार जोव्हान्नी आंतोनिओ कानाल याची बहीण. या मामाला सारे युरोप ‘कानालेत्तो’, म्हणजे ‘धाकटा कानाल’, या नावाने ओळखत होते. कानालेत्तोचे वडील नाटकांचे पडदे व देखावे रंगवीत. रंगमंचाच्या सपाट पडद्यावर लांबच लांब महाल आणि रस्ते आहेत असा भास निर्माण करण्याची विद्या कानालेत्तोने वडिलांच्या हाताखाली आत्मसात केली. पुढे नाटकाचे काम सोडून तो प्रत्यक्ष शहराची दृश्ये रंगवू लागला. अशा दृश्यचित्रांना इटालियन भाषेत ‘वेदुता’ म्हणतात.

या चित्रांना मोठी मागणी होती, ती परदेशी प्रवाशांकडून. त्या काळी इंग्लंडमधील धनिक घराण्यांतील तरुण शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून इटलीची यात्रा करीत. छायाचित्राचा शोध लागायला अजून शंभर वर्षे होती. घरी परतताना व्हेनिसची आठवण म्हणून ते कानालेत्तोची चित्रे नेत. जोसेफ स्मिथ हा व्हेनिसमधील इंग्रज व्यापारी, जो पुढे तेथील ब्रिटिश वाणिज्यदूत झाला, या व्यवहारात मध्यस्थ होता. त्याने स्वतःसाठी जमविलेला संग्रह 1762 मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. म्हणूनच कानालेत्तोची अनेक उत्तम चित्रे आज व्हेनिसऐवजी ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत.

अशा भरभराटीच्या चित्रशाळेत बेलोत्तो लहान वयातच उमेदवारी करू लागला. 1738 मध्ये, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघात त्याचे नाव नोंदले गेले. मामाचे हस्तकौशल्य त्याने इतके आत्मसात केले होते की, त्या वर्षांतील काही चित्रे मामाची की भाच्याची, यावर अभ्यासकांत आजही वाद होतात. 1742 च्या सुमारास तो रोमला गेला. त्यानंतर तूरिन, मिलान, व्हेरोना अशा शहरांत त्याने कामे केली. व्हेनिसबाहेर पडल्यावर त्याची स्वतःची नजर स्पष्ट होत गेली. मामाच्या चित्रांत ऊन उबदार आणि सोनेरी असते. भाच्याच्या चित्रांतला उजेड थंड, रुपेरी असतो आणि सावल्या गडद असतात. मामाचे शहर सणाच्या दिवसासारखे दिसते. भाच्याच्या शहरात भिंतींचे पोपडे निघालेले असतात, ओलीचे डाग असतात आणि छपरांची कौले निखळलेली असतात.

अंधारी पेटी, मोजपट्टी आणि हात

शहराचे दृश्य रंगविण्याचा पाया म्हणजे यथार्थदर्शन. शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा शब्द परिचित आहे. दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवरील एका लोपबिंदूत मिळतात, जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते, या नियमांचा तो समुच्चय आहे. पंधराव्या शतकात इटलीतील कलावंतांनी हे नियम भूमितीच्या आधारे निश्चित केले होते. कानालेत्तो आणि बेलोत्तो यांनी त्यांना उपकरणाची जोड दिली.

हे उपकरण म्हणजे ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, अर्थात अंधारी पेटी. भर दुपारी बंद खोलीच्या दाराला बारीक छिद्र असले, तर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. हे अनेकांनी पाहिले असेल. अंधारी पेटी याच तत्त्वावर चालते. पेटीच्या तोंडाशी भिंग बसविलेले असते. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरप्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून काचेवर प्रतिमा उमटवितो. काचेवर पातळ कागद ठेवला की इमारतींच्या कडा पेन्सिलीने गिरविता येतात. कानालेत्तोच्या नावाची अक्षरे असलेली अशी एक पेटी व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात आहे.

परंतु या पेटीने चित्र आपोआप तयार होत असे, असे समजणे बरोबर नाही. भिंगातून दिसणारा टापू मर्यादित असतो. त्याच्या कडांना प्रतिमा पुसट होते व सरळ रेषा वाकड्या भासतात. रुंद चौकाचे किंवा नदीकाठाचे दृश्य एका वेळी त्यात मावत नाही. त्यामुळे चित्रकार एकाच ठिकाणाचे अनेक तुकडे वेगवेगळ्या कागदांवर उतरवून घेई आणि नंतर ते जोडी. कानालेत्तोची एक चित्रवही व्हेनिसच्या अकादमीच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. तिच्या पानापानांवर घरांच्या बाह्यरेषा आहेत आणि त्यांत बारीक अक्षरांत टिपणे आहेत: या भिंतीचा रंग कोणता, हे दुकान कसले, या इमारतीचे नाव काय. रस्त्यावर उभे राहून केलेली ही टाचणे हाच पुढील कामाचा कच्चा माल.

उरलेले काम चित्रशाळेत होई. जोडलेल्या टाचणांवरून संपूर्ण दृश्याचे रेखाटन केले जाई. त्यावर चौकटी आखून, त्याच प्रमाणात कॅनव्हासवर मोठ्या चौकटी आखून, एकेका चौकटीतील रेषा वर नेल्या जात. भिंतींच्या व छपरांच्या सरळ कडांसाठी पट्टी वापरली जाई आणि अणकुचीदार हत्याराने रंगाच्या थरावर रेषा कोरली जाई. कानालेत्तोच्या कॅनव्हासवर अशा कोरीव रेषा आजही दिसतात. आधी आकाश, मग इमारती आणि सर्वांत शेवटी, वाळलेल्या इमारतींवर, माणसे रंगविली जात. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे शोध लागलेला ‘प्रशियन ब्ल्यू’ हा निळा रंग कानालेत्तोने फार लवकर वापरात आणला. मौल्यवान दगड दळून केलेल्या जुन्या निळ्या रंगापेक्षा तो पुष्कळ स्वस्त होता आणि मोठी आकाशे रंगविण्यास सोयीचा होता.

बेलोत्तोने हीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर राबविली. त्याची ड्रेस्डेनची चित्रे सव्वादोन मीटरांहून अधिक रुंद आहेत. एवढ्या विस्तृत पटावर दूरच्या खिडकीची चौकटही तो सोडीत नाही. सावलीकडे त्याचे विशेष लक्ष असे. इमारतीच्या कंगोऱ्याखालची सावली किती रुंद पडते, यावरून तो कंगोरा भिंतीपुढे किती आला आहे याचा अंदाज येतो. वास्तुशिल्पाच्या अभ्यासकांना त्याची चित्रे उपयोगी वाटतात, त्याचे एक कारण हेच आहे. आपल्या अनेक चित्रांची एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून काढलेली छापचित्रे, त्याने स्वतःच्या हाताने केली. त्यामुळे ही दृश्ये राजवाड्याबाहेरच्या लोकांपर्यंतही पोहोचली.

ड्रेस्डेन : राजाश्रय आणि युद्ध

1747 मध्ये बेलोत्तोने इटली सोडली. पुढे तो मायदेशी स्थायिक झाला नाही. जर्मनीतील सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा अशी दोन्ही पदे भूषविणारा तिसरा ऑगस्टस याने त्याला ड्रेस्डेनला बोलावून घेतले आणि दुसऱ्याच वर्षी दरबारी चित्रकार नेमले. पुढील दहा वर्षांत त्याने ड्रेस्डेन, जवळचे पिर्ना हे लहान गाव आणि क्योनिगश्टाइनचा डोंगरी किल्ला यांची मोठी दृश्ये रंगविली.

एल्ब नदीच्या उजव्या तीरावरून दिसणारे ड्रेस्डेन हे 1748 चे चित्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. डावीकडे फ्राउएनकिर्शे या चर्चचा विशाल घुमट, उजवीकडे दरबाराचे नवे चर्च आणि मधे नदीवरचा कमानींचा पूल. नव्या चर्चचे बांधकाम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. चित्रात त्याच्या मनोऱ्याभोवती पहाड बांधलेले दिसतात. राजासाठी काढलेल्या चित्रात अपुरी इमारत अपुरीच दाखविणे, हा त्याच्या नजरेचा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे.

1756 मध्ये प्रशियाच्या सैन्याने सॅक्सनीवर आक्रमण केले आणि सात वर्षे चाललेल्या युद्धाला तोंड फुटले. राजा वॉर्साला निघून गेला. काम आणि वेतन दोन्ही थांबल्यावर 1758 च्या अखेरीस बेलोत्तोने व्हिएन्नाची वाट धरली. तेथे सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासाठी व नंतर म्युनिक येथे त्याने कामे केली. तो दूर असतानाच, जुलै 1760 मध्ये, प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेनवर भडिमार केला. त्यात बेलोत्तोचे राहते घर व त्यातील चित्रसामग्री नष्ट झाली. शहरातील क्रॉइत्सकिर्शे हे जुने चर्चही जळाले.

परतल्यावर त्याने या उद्ध्वस्त शहराचीही चित्रे काढली. 1765 मध्ये क्रॉइत्सकिर्शेचा उरलासुरला मनोरा कोसळला. त्या वर्षीचे त्याचे चित्र पाहताना मन थरारते. अर्धा मनोरा उभा आहे, अर्धा ढासळला आहे. जणू कोणी इमारतीचा उभा छेद घेऊन आतले मजले उघडे केले आहेत. शिड्यांवर मजूर चढलेले आहेत आणि खाली नागरिक जमून पाहत आहेत. यात आक्रोश नाही, अतिशयोक्तीही नाही. वैभवाच्या काळातील राजवाडा ज्या बारकाईने रंगविला, त्याच बारकाईने त्याने ढिगाऱ्यातील दगड रंगविले.

1763 मध्ये राजा आणि त्याचा प्रधान ब्र्यूल, दोघेही मरण पावले आणि बेलोत्तोचा आश्रय संपला. 1764 मध्ये स्थापन झालेल्या ड्रेस्डेनच्या कला अकादमीत त्याला यथार्थदर्शनाचा शिक्षक नेमण्यात आले. वेतन मात्र पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी होते. कलेच्या नव्या धुरिणांना प्राचीन ग्रीक-रोमन आदर्शांचे वेड लागले होते. जे आहे ते जसेच्या तसे उतरविणे ही त्यांच्या दृष्टीने खालच्या दर्जाची कारागिरी होती. ज्याच्या कामाला त्याच्या काळातील जाणत्यांनी दुय्यम ठरविले, त्याच कामाकडे पुढच्या पिढ्यांना आधारासाठी वळावे लागले, हे येथे नमूद केले पाहिजे.

वॉर्सा : सव्वीस दृश्ये

अखेर 1766 च्या शेवटी, वयाच्या पंचेचाळिशीत, बेलोत्तो मुलाला बरोबर घेऊन रशियाच्या राजधानीकडे, सेंट पीटर्सबर्गकडे, निघाला. वाटेत तो वॉर्साला थांबला आणि तेथेच राहिला. पोलंडचा नवा राजा स्तानिस्वाव्ह ऑगस्ट पोन्यातोव्स्की हा कला व विद्या यांचा चाहता होता. त्याने 1768 मध्ये बेलोत्तोला दरबारी चित्रकार नेमले. 1770 मध्ये बेलोत्तोचा मुलगा आणि साहाय्यक लोरेन्झो मरण पावला. त्याच वर्षी राजवाड्यातील एका दालनासाठी वॉर्साच्या दृश्यांची मालिका सुरू झाली. 1780 पर्यंत तिची 26 चित्रे पूर्ण झाली. त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला बेलोत्तोचे वॉर्सात निधन झाले आणि मिओदोवा रस्त्यावरील कापुचिन पंथाच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. मामाचे नाव तो स्वतःही लावीत असे; पोलंडमध्ये आजही त्याला ‘कानालेत्तो’ म्हणूनच ओळखतात.

या चित्रांत राजवाडे आणि चर्च आहेत, पण त्यांच्यापुढील रस्त्यांवर सारे शहर वावरत आहे. लांब झग्यांतले पोलिश सरदार, फ्रेंच धाटणीच्या पोशाखातले दरबारी, गाडीवान, भाजी विकणाऱ्या बाया, चर्चच्या पायऱ्यांवरचे भिकारी, ज्यू व्यापारी, ओझी वाहणारे मजूर, भुंकणारी कुत्री यांनी चित्रांचा पुढचा भाग भरलेला आहे. ज्यांची नावे कोणत्याही दरबारी दप्तरात लिहिली गेली नाहीत, अशा माणसांच्या अंगावरचे कपडे, हातातली अवजारे आणि उभे राहण्याची ढब येथे नोंदली गेली आहे. कष्टकऱ्यांचा इतिहास शोधू पाहणाऱ्याला ही नोंद राजवाड्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

चित्रकाराच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांच्या आत, 1795 मध्ये, शेजारच्या सत्तांनी पोलंडची अखेरची वाटणी केली आणि तो देश नकाशावरून पुसला गेला. 1830-31 चा उठाव फसल्यावर रशियाचा झार पहिला निकोलस याने ही चित्रे रशियात नेली. 1921 च्या रिगा येथील तहानंतर ती परत आली. 1939 मध्ये नाझींनी ती पुन्हा लुटून नेली आणि युद्धानंतर ती पुन्हा मिळाली. ज्या राजवाड्यासाठी ती काढली गेली होती, तो 1944 मध्ये सुरुंगाने उडविण्यात आला. त्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय 1971 मध्ये झाला, 1984 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि चित्रे आपल्या जुन्या दालनात परतली.

साक्षीचे मोल आणि तिच्या मर्यादा

बेलोत्तोची चित्रे पाहून वॉर्सा पुन्हा बांधले, असे सरसकट सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. त्याच्या मालिकेचा भर क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे हा राजरस्ता, मिओदोवा आणि दुवुगा हे रस्ते, तेथील महाल व चर्च यांवर होता. जुन्या गावठाणातील घरांचा सारा तपशील त्यातून मिळण्यासारखा नव्हता. शिवाय बेलोत्तो दृश्य मांडताना काही फेरफार करी. रस्ता थोडा रुंद दाखवावा, एखादी इमारत जरा सरकवावी, दर्शनी भाग अधिक शोभिवंत करावा, असे तो करीत असे. मामा कानालेत्तोही दोन-तीन जागांवरून दिसणारी दृश्ये एका चित्रात बसवी. दोघांनीही ‘काप्रिच्चो’ नावाची, खऱ्या व कल्पित वास्तूंची सरमिसळ केलेली चित्रे काढली आहेत. चित्रकाराची नजर प्रामाणिक असली, तरी चित्र हा मोजणीचा नकाशा नव्हे.

मोजणीचे नकाशे दुसरीकडे तयार झाले होते. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील वास्तुशास्त्राचे विद्यार्थी दोन महायुद्धांमधल्या काळात, अभ्यासाचा भाग म्हणून, जुन्या इमारती फुटपट्टीने मोजून त्यांची रेखाटने करीत. प्रा. ओस्कार सोस्नोव्स्की यांनी त्यासाठी एक स्वतंत्र विभाग उभा केला होता. सप्टेंबर 1939 मध्ये वॉर्सावर हल्ला झाला, तेव्हा या संग्रहाचे रक्षण करताना ते प्राणघातक जखमी झाले. नाझी राजवटीत त्यांचे सहकारी व विद्यार्थी यांनी गुपचूप हे काम चालू ठेवले. उठावानंतर शहर जळत असताना ही कागदपत्रे बाहेर काढण्यात आली आणि प्योत्रकूफ येथील एका ख्रिस्ती मठात दडविण्यात आली. 1945 मध्ये यान झाख्वातोविच यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक वास्तूंची पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा या नकाशांचा मुख्य आधार होता. त्यांच्या जोडीला छायाचित्रे होती आणि बेलोत्तोची चित्रे होती. वर्गपाठ म्हणून काढलेल्या आकृत्या एका राजधानीच्या कामी आल्या.

बेलोत्तोच्या चित्रांनी या कामाला रंग, प्रमाण आणि एकूण रूप यांचे भान दिले. राजरस्त्यावरील अनेक इमारतींचे एकोणिसाव्या शतकातील बदल गाळून त्यांना अठराव्या शतकाचे रूप देण्यात आले. त्यामुळे काही ठिकाणी आजचे वॉर्सा 1939 च्या वॉर्सापेक्षा जुने दिसते. असे करणे कितपत योग्य, यावर वास्तुतज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी 1980 मध्ये युनेस्कोने जुन्या वॉर्साचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला, तो या लोकप्रयत्नाचा गौरव म्हणूनच.

साक्षीचे आणखी एक उदाहरण व्हेनिसचे आहे. तेथील कालव्यांच्या काठच्या भिंतींवर भरतीचे पाणी जेथवर नेहमी पोहोचते, तेथवर शेवाळ चढते. कानालेत्तो आणि बेलोत्तो यांनी ही हिरवट-काळी रेघदेखील इमानाने रंगविली. इटालियन शास्त्रज्ञ दारिओ काम्युफो व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांतील रेघ आणि त्याच भिंतींवरची आजची रेघ यांची तुलना केली. चित्रांच्या काळापासून व्हेनिस पाण्याच्या तुलनेत सुमारे 60 सेंटीमीटर खचले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. समुद्रपातळी मोजण्याची यंत्रे तेथे बसण्यापूर्वीच्या काळाची ही माहिती आहे. अर्थात चित्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यांनी त्यातील इमारतींची प्रमाणे प्रत्यक्ष इमारतींशी ताडून पाहिली. साक्ष घ्यावी, पण तपासून घ्यावी, हा विवेक येथेही दिसतो.

जे परत आले नाही

वॉर्साच्या भिंती परत उभ्या राहिल्या. माणसांचे तसे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहराच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू होता. नाझींनी त्यांना भिंतीआडच्या वस्तीत कोंडले, उपासमारीने मारले आणि छळछावण्यांत नेऊन संपविले. बेलोत्तोच्या चित्रांत अठराव्या शतकातील ज्यू व्यापारी रस्त्याच्या कडेला बोलत उभे आहेत. तो रस्ता आज जवळपास तसाच दिसतो. त्या समाजाची वस्ती मात्र तेथे उरली नाही. जन्मावरून माणसाला हीन ठरविणाऱ्या विचाराची परिणती कोठवर जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

सर्व संस्कार अनित्य आहेत, अशी भगवान बुद्धांची शिकवण आहे. शहरे, राज्ये, राजाश्रय, कलाकीर्ती, सारे बदलते आणि विलय पावते. बेलोत्तोचे आयुष्य हा त्याचा एक लांबलचक पाठच आहे. परंतु अनित्यतेच्या जाणिवेतून उदासीनता यावी, असे धम्म सांगत नाही. वस्तू जशी आहे तशी पाहणे, यालाच बौद्ध परंपरेत यथाभूत दर्शन म्हणतात. चित्रकलेच्या वर्गातील ‘यथार्थदर्शन’ हा शब्द त्या अर्थाने वापरला जात नाही, हे आम्ही जाणतो. तरी दोन्हींना लागणारी शिस्त बरीचशी सारखी आहे. आपल्याला काय दिसावे असे वाटते ते बाजूला ठेवून, काय आहे ते पाहावे लागते. अर्धवट मनोरा अर्धवट काढावा लागतो आणि भिंतीवरची शेवाळाची रेघ क्षुल्लक म्हणून सोडून चालत नाही.

स्मरणिका हेही एका अर्थाने नोंदीचेच काम आहे. संस्थेच्या वाटचालीतील प्रसंग, जुनी छायाचित्रे, वसतिगृहाच्या पहिल्या खोल्यांचे नकाशे, आधीच्या पिढीतील आयाबापांच्या तोंडच्या हकीकती, या गोष्टी आज साध्या वाटतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या गावातील विहार, वस्ती, पाणवठा, शाळा यांची रेखाटने, मोजमापे व आठवणी तारीख-वारासह लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. ज्या समाजाचा इतिहास दीर्घकाळ इतरांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्याने तरी हे काम पुढे ढकलू नये. वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी वर्गपाठाच्या आकृत्या काढल्या, तेव्हा त्या कोणाच्या व कशा उपयोगी पडतील हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या अचूक होत्या, म्हणून वेळ आली तेव्हा कामी आल्या.